जर्मनी की पोलंड, युक्रेनी निर्वासित कुठे जास्त रुळले?

यावर सर्वे करून उत्तर शोधायचं असेल, तर आधी हे बघा. दोन्हीकडे मूळ नियम एकच, मार्च २०२२ मध्ये युरोपियन युनियनने लागू केलेलं तात्पुरतं संरक्षण, म्हणजे राहायची आणि काम करायची परवानगी. पण पुढचा मामला पार वेगळा.

पोलंडमध्ये पेसेल नंबर (तिथला सरकारी ओळख क्रमांक) घ्या आणि कामाला लागा, भाषाही युक्रेनीच्या जवळची, त्यामुळे लोक पटकन कामाला लागले. फक्त कुणी अकाउंटंट बाई हॉटेलात खोल्या साफ करत असेल तर ते 'नोकरी आहे' या आकड्यात दिसतच नाही ना!

जर्मनीत उलटं, जून २०२२ पासून जॉबसेंटरकडून (सरकारी रोजगार कार्यालयाकडून) भत्ता, आधी साधारण ६०० तासांचा भाषेचा कोर्स मग नोकरी, आणि डिग्री मान्य करून घ्यायचा कागदी घोळ वेगळाच.

म्हणून सर्वे करताना नुसतं नोकरीचं विचारलं तर पोलंड पुढे दिसणारच. मी तर मुलांच्या शाळेपासून सुरुवात करेन, कारण आलेल्यांत बायका-मुलंच जास्त. जर्मनीत आल्यावर काही महिन्यांतच शाळा सक्तीची, पोलंडमध्ये सप्टेंबर २०२४ पर्यंत बरीच मुलं घरी बसून ऑनलाइन युक्रेनी शाळाच करत होती, मग पोलिश मित्र होणार कुठून? आणि पाळणाघर मिळालं नाही तर आई कोर्सला जाणार कशी, हे दोन्हीकडे विचाराच.