हाफ-ब्रिज की ड्युअल ॲक्टिव्ह ब्रिज?

गोव्यातल्या डिचोलीतल्या घरासाठी ३ किलोवॅटचा कन्व्हर्टर (व्होल्टेज बदलणारं यंत्र) हवा: दिवसा सोलरवर बॅटरी भरायची आणि पावसात वीज गेली की तिच्यातून घर चालवायचं. एका बाजूला ४०० व्होल्टची डीसी बस (सोलरची वीज आणणारी सामायिक लाइन), दुसऱ्या बाजूला ओळीत जोडलेले १६ लिथियम आयर्न फॉस्फेट सेल, म्हणजे ५१.२ व्होल्ट.

त्यासाठी दोन सर्किटांचे पर्याय आहेत. हाफ-ब्रिज सुटसुटीत: दोन मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) आणि एक इंडक्टर (तारेचं वेटोळं). भरताना बक (व्होल्टेज उतरवणं), उलट दिशेला बूस्ट (चढवणं). पण ५१.२ भागिले ४०० म्हणजे ड्युटी, म्हणजे बक करताना स्विच चालू राहण्याचं प्रमाण, जेमतेम १३ टक्के. त्याच मॉस्फेटना ४०० व्होल्टही झेलायचे आणि बॅटरीचे ५९ अँपिअरही. शिवाय बस आणि बॅटरी यांच्यात विलगीकरण नाही, म्हणजे दोन्ही थेट तारेने जोडलेल्या राहतात.

ड्युअल ॲक्टिव्ह ब्रिजला आठ मॉस्फेट आणि ८:१ चा उच्च-वारंवारता ट्रान्सफॉर्मर लागतो. त्याच्या दोन्ही बाजूंच्या ब्रिजमधला फेज (स्विचिंगच्या वेळेतला फरक) बदलला की वीज हवी त्या दिशेला वाहते. लोड पुरेसा असेल तर मॉस्फेट शून्य व्होल्टला चालू होतात, स्विचिंगचा तोटा घटतो. रात्री नुसता पंखा चालू असला की मात्र हा फायदा निसटतो. बॅटरीचा व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरच्या ८:१ गुणोत्तराशी जुळेनासा झाला तर नुसताच फिरणारा करंटही वाढतो.

आपल्याकडच्या दमट, खाऱ्या हवेत कन्व्हर्टरची पेटी बंदच ठेवावी लागते. ९५ टक्के कार्यक्षमता म्हणजे आत १५० वॅटची उष्णता, ९७ टक्के म्हणजे ९०. स्विचिंगचा तोटा घटला की ही उष्णताही घटते; हा फरक मला निर्णायक वाटतो, म्हणून इथे ड्युअल ॲक्टिव्ह ब्रिजच. ६४ सेल ओळीत जोडणार असाल, तर हाफ-ब्रिजची ड्युटी ५१ टक्क्यांवर येते. विलगीकरण नको असेल तर मग हाफ-ब्रिजच घ्या.