हाडांचा दवाखाना, तोही जिन्यावर!

सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यातून उतरताना पाय वाकडा पडला. एका ठिकाणी एक्स-रे बघून 'मुरगळलाय' म्हणाले, क्रेप बँडेज बांधून पाठवलं. आठ दिवस लंगडलो, मग सात रस्त्याजवळच्या या दवाखान्यात आलो. डॉक्टरांनी घोट्याच्या पुढं, करंगळीच्या बाजूला अंगठा दाबला अन् मी ओरडलोच. सीटी स्कॅनमध्ये क्युबॉइडला, म्हणजे पावलाच्या बाहेरच्या कडेच्या छोट्या हाडाला, चीर निघाली. साध्या एक्स-रेत हे हाड शेजारच्या हाडांवर चढलेलं दिसतं, म्हणून चीर सुटते, हे त्यांनी फिल्म उजेडाला धरून दाखवलं. हाड सरकलं-दबलं नव्हतं, त्यामुळं ऑपरेशन टळलं. सहा आठवडे प्लास्टर, पाय टेकवायचा नाही. तपासणीला पैकीच्या पैकी. पण दवाखाना पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही! पोराच्या खांद्यावर हात टाकून एका पायावर बावीस पायऱ्या चढलो की ओ.