सोळा शब्द आणि चार चुका : ‘कनेक्शन्स’ या रोजच्या कोड्याविषयी

‘द न्यूयॉर्क टाइम्स’ने जून २०२३ मध्ये ‘कनेक्शन्स’ नावाचे इंग्रजी कोडे प्रथम चाचणी स्वरूपात खुले केले आणि पाहता पाहता ते ‘वर्डल’ या त्यांच्याच शब्द ओळखण्याच्या खेळाच्या खालोखाल खेळले जाऊ लागले. सोळा शब्दांचा एक चौकोन समोर येतो; त्यांतून प्रत्येकी चार शब्दांचे चार गट पाडायचे असतात आणि चौथी चूक झाली की खेळ संपतो. गट सुटला की त्याचा रंग उघड होतो : सर्वांत सोपा पिवळा, मग हिरवा, निळा आणि सर्वांत अवघड जांभळा. रोजचे कोडे फुकट खेळता येते आणि मध्यरात्री नवे कोडे येते. नियमांत सांगण्यासारखे याहून फारसे काही नाही. खरी गंमत त्या सोळा शब्दांच्या निवडीत आहे.

पहिल्याच दिवशीचे कोडे पाहिले तरी ही निवड कशी केली जाते ते कळते. त्यात हेल, रेन, स्लीट आणि स्नो हे पावसा-बर्फाचे प्रकार होते; बक्स, हीट, जॅझ आणि नेट्स हे अमेरिकेतील एनबीए या बास्केटबॉल स्पर्धेतले संघ होते; ऑप्शन, रिटर्न, शिफ्ट आणि टॅब या कीबोर्डवरच्या कळा होत्या; आणि कयाक, लेव्हल, मॉम व रेसकार हे इंग्रजीत उलटसुलट सारखेच वाचले जाणारे शब्द होते. ‘हीट’ हा शब्द हवामानाच्या गटाकडे ओढतो, तो मायामीच्या संघाचा आहे हे बास्केटबॉल न पाहणाऱ्याला सुचणे कठीण. आणि ‘ऑप्शन’ ही कळ ॲपलच्या कीबोर्डवरच असल्यामुळे आयुष्यभर विंडोजवर काम केलेला माणूस तिथे अडखळण्याची शक्यता अधिक. याउलट चौथा गट केवळ अक्षरांकडे पाहून सुटतो. ‘रामाला भाला मारा’ हे वाक्य शाळेत असतानाच उलटे वाचून पाहिलेल्या कोणालाही त्यासाठी अमेरिकेची काहीच माहिती लागत नाही. एकाच चौकोनात लोकप्रिय संस्कृतीची माहिती आणि वाकड्या वाटेने विचार करण्याची सवय या दोन्हींची परीक्षा होते, आणि एकीतली उणीव दुसरीने काही अंशी भरून काढता येते, हे या कोड्याचे मोठे बलस्थान आहे.

असा चौकोन रचणे दिसते तितके सोपे नाही. मराठीत रचायचा म्हटला, तर मुंबई-पुणे मार्गावरील गाड्या, नद्या, तांदळाच्या जाती आणि भाज्या असे चार गट घेता येतील. मग ‘कोयना’ गाडीत बसवायची की नदीत सोडायची, ‘इंद्रायणी’ तर गाडी, नदी आणि तांदूळ अशा तिन्ही ठिकाणी चालते, आणि ‘मुळा’ भाजीच्या शेजारी ठेवला तरी नदीवरचा त्याचा हक्क सुटत नाही. अशा दुहेरी-तिहेरी शब्दांची योजना इतकी चोख असावी लागते की अनेक जुळण्या शक्य वाटल्या तरी संपूर्ण उत्तर एकच निघावे. संपादिका वायना लिऊ हे काम हाताने करतात, आणि त्यांच्या कोड्यांत फसवणूक बहुधा न्याय्य असते : उत्तर कळल्यावर चिडचिड होते, पण ‘हे कसे काय बसते?’ असा प्रश्न क्वचितच पडतो.

जांभळ्या गटाबद्दल मात्र माझा आक्षेप आहे. बहुतेक वेळा तो शब्दखेळाचा असतो : चारही शब्दांपुढे एकच शब्द जोडायचा, त्यांत लपलेले दुसरे शब्द शोधायचे, किंवा उच्चार सारखा असलेला दुसरा शब्द ओळखायचा. खरी डोकेफोड इथेच अपेक्षित आहे. परंतु पहिले तीन गट सुटले की उरलेले चार शब्द आपोआप जांभळे ठरतात आणि त्यांच्यातला दुवा न कळताही खेळाडू जिंकतो. बीबीसीवर २००८ पासून सुरू असलेल्या ‘ओन्ली कनेक्ट’ या प्रश्नमंजूषेतही सोळा शब्दांची अशीच भिंत असते, आणि तिच्या सूत्रसंचालिका व्हिक्टोरिया कोरेन मिचेल यांनी हे साम्य जाहीरपणे निदर्शनास आणून दिले होते. तिथे तिघांच्या संघाला अडीच मिनिटे मिळतात. चार गट पाडल्याचे चार, चार दुवे सांगितल्याचे चार आणि सर्व जमल्यास आणखी दोन असे दहा गुण असतात. गट पाडता आले नाहीत तरी भिंत सोडवून दाखवली जाते आणि दुवे सांगून गुण मिळवता येतात. म्हणजे ‘का?’ या प्रश्नाला तिथे स्वतंत्र किंमत आहे. ‘कनेक्शन्स’ने ही अट गाळली आणि परीक्षेचा अर्धा भाग सोडून दिला. गट उघडण्यापूर्वी दुवा लिहून पाहण्याची सोय, निदान ऐच्छिक म्हणून तरी, असायला हवी होती. तोपर्यंत जाणकार खेळाडू जांभळा गट सर्वांत आधी सोडवण्याचा नेम स्वतःच पाळतात, आणि रंगीत चौकटींचा निकाल मित्रमंडळींना पाठवताना त्याचा तोराही मिरवतात.

घड्याळ नसणे हा मात्र चांगला निर्णय आहे. अडलेला चौकोन बाजूला ठेवून भाजी चिरावी, आणि मग एखादा शब्द नाम नसून क्रियापद आहे हे अचानक ध्यानात यावे, हे अडीच मिनिटांच्या भिंतीपुढे घडत नाही. चारपैकी तीन शब्द बरोबर असतील तर ‘वन अवे’ अशी सूचना मिळते. ती उपकारक वाटते, पण तिच्यासाठी एक चूक खर्ची पडलेली असते आणि चारांतला नेमका कोणता शब्द काढायचा हे ती सांगत नाही. त्या क्षणी लगेच दुसरा शब्द टाकून पाहणारे हमखास हरतात. शब्द सोडून देऊन दुसऱ्या गटाकडे वळणारे टिकतात.

मराठी वाचकाने हे कोडे खेळावे का, याचे उत्तर त्याच्या इंग्रजी वाचनापेक्षा त्याने पाहिलेल्या अमेरिकी मालिकांवर आणि तिकडच्या दुकानांतील वस्तूंच्या नावांशी असलेल्या ओळखीवर अधिक अवलंबून आहे. अमेरिकेत काही वर्षे राहिलेल्यांना ते घरचे वाटेल. इथे बसून खेळणाऱ्याच्या वाट्याला अधूनमधून असा दिवस येतो की धान्याच्या न्याहारीचे चार ब्रँड किंवा दूरदर्शनवरचे चार काल्पनिक डॉक्टर ओळखण्यावाचून गत्यंतर नसते, आणि तिथे तर्क कितीही चालवला तरी उपयोग होत नाही. इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना त्यामुळे मी ते सुचवणार नाही. ज्यांना शब्दकोड्यांची आवड आहे आणि हरण्याचा राग येत नाही, त्यांनी दोघे-तिघे मिळून एकाच पडद्यावर ते सोडवावे. एकाला क्रिकेटखेरीज इतर खेळ कळत असावेत, एकाला जुनी इंग्रजी गाणी, आणि प्रत्येक गट दाबण्यापूर्वी त्याचा दुवा कोणीतरी मोठ्याने सांगावा.