छावणीचा गुरुवार की कॉलनीतला शेतकरी बाजार?

भाची छत्रपती संभाजीनगरात नव्यानं बिऱ्हाड थाटतेय. तिनं विचारलं, "मावशी, आठवड्याचा बाजार कुठून करू? छावणी भागातल्या गुरुवारच्या आठवडी बाजारातून की कॉलनीतल्या शेतकरी बाजारातून?" मी दोन्हीकडं जाते, पण दोन्हीकडून एकच वस्तू आणत नाही.

पालेभाजी घ्यावी ती शेतकरी बाजारातूनच. 2016 च्या जुलैत फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला आणि शेतकऱ्याला थेट गिऱ्हाइकापर्यंत येणं सोपं झालं. मेथीच्या मुळांना माती ओली असते. शेवटची फवारणी कधी केली, हे पिकवणाऱ्याला समोरासमोर विचारता येतं. माझ्यासाठी हे दोन रुपयांच्या फरकापेक्षा मोठं आहे. तिथं घासाघीस करू नये.

छावणीत गुरुवारी जनावरांपासून मसाल्यापर्यंत सगळं असतं. भाजी मात्र बरीचशी घाऊक बाजारातून उचललेली. दिवेलागणीला भाव उतरतो खरा, पण तोवर कोथिंबिरीनं मान टाकलेली असते.

तरीही छावणी सोडू नये, कारण सूप, दुरडी, केरसुणी, खुरपं तिथं हाताळून घेता येतं. सूप घेताना आधी उजेडाकडं धरायचं. पट्ट्यांमधून उजेड ठिकठिकाणी सांडला तर वीण सैल आहे. मग काठाची बांधणी अंगठ्यानं दाबायची. करकरली तर परत ठेवायचं. मागच्या खेपेला अशीच एक बांधणी सैल निघाली, तर बुरुडीण मावशीनं सूप पायाच्या बोटांत धरून बसल्या जागी आवळून दिली. प्लॅस्टिकच्या सुपात ज्वारी पाखडून बघा, गुळगुळीत तळावरून दाणे नि खडे एकदमच घसरतात.

ज्वारीचंही सांगते. जालन्याच्या दगडी ज्वारीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, वसमतच्या हळदीलाही आहे. आता ही नावं बाजारात सगळेच घेतात. आधी किलोभर आणून भाकरी थापून बघावी, पटली तरच पुढची पायली.

भाचीची नोकरी आहे, गुरुवारी सुट्टी नाही, घरात माणसं दोनच. म्हणून तिला सांगितलं, भाजी दर आठवड्याला शेतकरी बाजारातून घे, छावणीला महिन्यातून एखाद्या गुरुवारी रजा टाकून सकाळीच जा. सुटे पैसे आणि दोन जाड कापडी पिशव्या घे. पहिल्या खेपेला मी बरोबर येते, सूप मी बघून घेईन.