यशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन : सात महिन्यांचा वापर आणि एक हरवलेला ‘खट्’

हा जुना फिल्म कॅमेरा मला आवडतो. पुढचं वाचताना तसं वाटणार नाही, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

सात महिन्यांपूर्वी ऑनलाइन घेतला, वापरलेला. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘सुस्थितीत, तपासलेला, रोल घाला आणि सुरू करा.’ सोबत अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. त्यात एक अंगठा फिल्म पुढे सरकवणारी लिव्हर ओढतो, बोट बटण दाबतं, वरचे दिवे लागतात, शटर उघडतं, मिटतं. तो व्हिडिओ मी पंधरा वेळा तरी पाहिला असेल. पाहिला, ऐकला नाही. सगळा घोळ तिथेच झाला.

४५ मिमी, एफ/१.७ ची लेन्स, आपण फक्त ॲपर्चर (म्हणजे लेन्सचं भोक; एफचा आकडा लहान तितकं ते मोठं) ठेवायचं आणि शटरचा वेग कॅमेरा ठरवणार, हे सगळं तुम्हाला माहीत असेल. मी हेच मॉडेल का निवडलं, त्याचं उत्तर मात्र सरळ आहे: काटकसर. लेन्स बदलता येणारे रेंजफाइंडर (म्हणजे दोन प्रतिमा जुळवून फोकस करायचे कॅमेरे) ज्यांना झेपतात त्यांनी खुशाल घ्यावेत. १९५४ सालच्या लायका एम३ च्या व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे बघायच्या खिडकीत, मी एकदा डोळा लावला होता आणि परत देताना हात जड झाला होता, पण माझ्या खिशात त्याच्या लेन्सचं झाकणही बसलं नसतं. इलेक्ट्रो मालिका १९६६ पासूनची, जीएसएन १९७३ चा. हे कॅमेरे भरपूर बनले, म्हणून अजून मिळतात, आणि एफ/१.७ ची चांगली लेन्स इतक्या कमी पैशांत पदरात पडते. ती काढून दुसरी लावता येत नाही, हे मी फायद्याच्याच रकान्यात धरतो. पुढचा खर्च वाचला.

बॅटरीबद्दल थोडं. मूळ सेल ५.६ व्होल्टचा, पाऱ्याचा. ते आता बनत नाहीत. त्याऐवजी ६ व्होल्टचा ४एलआर४४ चालतो आणि एवढा फरक या कॅमेऱ्याचं सर्किट निमूट सोसतं. सेल आकाराने लहान पडतो म्हणून ‘ॲडॉप्टर विकत घ्या’ असं जो तो सांगतो. नका घेऊ. जाड पुठ्ठ्याची नळी गुंडाळली, मागे बॉलपेनची स्प्रिंग घातली, झालं काम. गेले सात महिने तोच सेल आहे. बटण अर्धं दाबलं तरच सर्किट जागं होतं, त्यामुळे बॅटरी संपता संपत नाही. मागचं छोटं बटण दाबलं की फोटोंचा आकडा हिरवा उजळतो. तो उजळला की मला आपण जगाला फसवल्यासारखा आनंद होतो.

मागच्या दाराच्या खाचांमधला फोम विरघळून डांबर झालेला होता. ‘तपासलेला’ या शब्दावर पहिली शंका मला तेव्हाच यायला हवी होती. काडीला कापूस लावून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन संध्याकाळी तो चिकटा काढला आणि खाचांत काळी लोकर बसवली. स्वेटरची. उजेड आत येत नाही.

आता कौतुक. पहिले चार महिने मी या कॅमेऱ्यावर निहायत खूश होतो. शटर लेन्समध्येच असल्यामुळे, आरसा नसल्यामुळे, फोटो काढला की जेमतेम एक ‘टिक’ ऐकू येतं. समोरच्याला कळतही नाही. फोकस जवळ आणाल तशी व्ह्यूफाइंडरमधली चौकट सरकत जाते, म्हणजे जवळच्या माणसाचं कपाळ कापलं जात नाही. पिवळा दिवा लागला तर वेग १/३० सेकंदाच्या खाली गेला, लाल लागला तर १/५०० पुरत नाही. दिव्याच्या बाणाकडे रिंग फिरवायची, दिवा विझला की मोकळे. दोन्ही दिवे बंद असताना नेमका वेग काय, १/६० की १/२५०, हे मात्र कॅमेरा जिवात जीव असेपर्यंत सांगणार नाही. मला आधी याचा राग यायचा. नंतर विसरलो. एवढंच, की ४०० एएसएचा (उजेडाला जास्त संवेदनशील) रोल घालून भर उन्हात गेलात तर एफ/१६ शिवाय लाल दिवा काही विझायचा नाही. उन्हासाठी १०० चा घाला.

रेंजफाइंडरचा पॅच, म्हणजे दोन प्रतिमा जुळवायचा मधला ठिपका, माझ्याकडे आला तेव्हा फिकट होता. आतल्या अर्धआरशाचा मुलामा इतक्या वर्षांत उतरतोच. व्ह्यूफाइंडरच्या पुढच्या काचेवर बरोबर मध्यभागी काळ्या टेपचा तांदळाएवढा तुकडा चिकटवला. पॅच ठसठशीत झाला. खर्च शून्य. लांबच्या खांबावर दोन प्रतिमा जुळतात, आडव्याही आणि उभ्याही. त्याबाबतीत विक्रेत्याला माझे पूर्ण गुण.

इथवरचा मजकूर मी चौथ्या महिन्यात लिहिला होता, खाली पाच तारे देऊन. मग मी एक स्लाइडचा रोल घातला, म्हणजे ज्यावर निगेटिव्ह न होता थेट सरळ चित्र उमटतं तो.

स्लाइड म्हणजे चैन. रोल महाग, डेव्हलप करणं महाग, आणि मी एक-एक फ्रेम घासाघीस केल्यासारखी वापरली. पाच आठवडे पुरवला. हातात आल्या तेव्हा ३६ पैकी २९ स्लाइड जादा उजेडाने धुऊन निघालेल्या होत्या. आकाश नाही, चेहऱ्याला नाक नाही. एका फोटोत पांढरा शर्ट घातलेला माणूस होता, आता फक्त केस आहेत.

आधी मी लॅबला मनातल्या मनात चार शब्द ऐकवले. मग जुन्या निगेटिव्ह काढून खिडकीला धरल्या. आधीच्या सहाही रोलच्या निम्म्याअधिक पट्ट्या काळ्याकुट्ट, जाड. म्हणजे जादा उजेडाचा रोग पहिल्या दिवसापासूनचाच. मला कळला नाही, कारण रंगीत निगेटिव्ह फिल्म दोन-तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) जास्तीचा उजेड पचवते आणि उरलंसुरलं लॅबचा स्कॅनर सावरून घेतो. स्लाइडला अर्ध्या स्टॉपच्या पुढे दयामाया नाही. चार महिने मी ज्या मीटरची तारीफ करत होतो, ती खरी फिल्मची आणि स्कॅनरची तारीफ होती.

कारण शोधताना ते प्रकरण समोर आलं जे या कॅमेऱ्याच्या जुन्या वापरकर्त्यांना तोंडपाठ असतं आणि मला माहीत नव्हतं. इलेक्ट्रोच्या पोटात नखाएवढा रबराचा एक तुकडा आहे. लिव्हर ओढली की एक दांडा येऊन त्याच्यावर टेकतो. रबराला पन्नासेक वर्षं झाली की त्याचा भुगा होतो. त्यात बनवणाऱ्यांचा काय दोष, पन्नास वर्षांनी माझ्या गुडघ्यांचीही तीच गत आहे. रबर गेलं की दांडा ठरल्या जागी थांबत नाही, आतले विजेचे संपर्क वेळेवर उघडत-मिटत नाहीत आणि वेग चुकायला लागतात. सगळे फोटो एकसारखे चुकत नाहीत, हे आणखी वाईट. एकसारखे चुकले असते तर एएसएची चकती फिरवून भागवता आलं असतं. मी दोन दिवस तोही प्रयत्न करून पाहिला.

आणि हे रबर शाबूत आहे की नाही ते पाहायला कॅमेरा उघडावा लागत नाही. शाबूत असेल तर लिव्हर ओढताना आतून एक घसघशीत ‘खट्’ ऐकू येतो. गेलं असेल तर येत नाही. एवढंच.

माझ्या कॅमेऱ्यात ‘खट्’ नव्हता. मी तर लिव्हर इतकी मऊ आहे म्हणून मित्राला कौतुकाने दाखवली होती.

त्या रात्री मी विक्रेत्याचा तो व्हिडिओ पुन्हा काढला, इयरफोन घातले आणि डोळे मिटून ऐकला. अंगठा लिव्हर ओढतो: सुर्र. पुन्हा: सुर्र. तीनदा ओढली आहे, तिन्हीदा नुसतं सुर्र. म्हणजे माझ्या हातात पुरावा पहिल्या दिवसापासून होता आणि मी त्याकडे अक्षरशः कानाडोळा केला.

विक्रेत्याला लिहिलं. तो आधी म्हणाला, ‘सर, चार महिने वापरलात आणि आता सांगताय?’ यात तथ्य आहे, नाही असं नाही. मग म्हणाला, ‘जुन्या कॅमेऱ्यात एवढं चालतंच.’ मी त्याचाच व्हिडिओ त्याला पाठवला आणि ‘तपासलेला’ म्हणजे काय काय तपासलं, असं विचारलं. उत्तर आलं, ‘शटर चालू आहे ना?’ शटर चालू होतं. बॅटरी काढून ठेवली तरी ते १/५०० वर उघडझाप करतं, त्यामुळे ‘शटर चालू’ या वाक्याने या कॅमेऱ्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही. हे मी त्याला लिहिलं. त्यावर हात जोडल्याची एक खूण आली आणि संभाषण संपलं. पैसे परत नाहीत, निम्मेही नाहीत.

दुरुस्ती करणारा माणूस मात्र भला निघाला. कॅमेरा हातात घेतला, लिव्हर एकदाच ओढली आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मी पाच आठवडे आणि एक स्लाइड रोल खर्चून जे शिकलो ते त्याला दोन सेकंदांत कळलं. पण नखाएवढं रबर बसवायला कॅमेरा उघडावा लागतो आणि उघडला की संपर्कही साफ करावे लागतात, तेव्हा बिल कॅमेऱ्याच्या किमतीच्या निम्म्याच्या वर गेलं. म्हणजे मी जे स्वस्तात घेतलं ते स्वस्त नव्हतंच. पुठ्ठ्याच्या नळीने आणि स्वेटरच्या लोकरीने वाचवलेले सगळे पैसे त्या रबरात गेले. हिशेब मी दोनदा केला, तो बदलला नाही.

त्यानंतर मला एक खोड लागली आहे. कुणी विकायला इलेक्ट्रो काढला की मी व्हिडिओ डोळे मिटून ऐकतो. बरेच विक्रेते त्याला पार्श्वसंगीत लावतात. एकाने बासरी लावली होती. ज्या कॅमेऱ्याचं आरोग्य आवाजावर कळतं त्याच्या व्हिडिओला बासरी! दुसऱ्याला मी विनंती केली की शांत खोलीत, गाणं न लावता, लिव्हर पाच वेळा ओढून दाखवा. त्याने खरंच दाखवली, पाचही वेळा ‘खट्’ आला, आणि मला दुसरा कॅमेरा नको असूनही घ्यावासा वाटला. घेतला नाही.

दुकानात जाऊन घेणाऱ्याचं हे काम एका क्षणात होतं. मात्र दुकानदार बोलत असताना लिव्हर ओढू नका. मागचं दार उघडून, बॅटरी घालून, ‘बी’ वर (बटण दाबून धरेपर्यंत शटर उघडं राहतं तिथे) शटर उघडं धरून टॉर्च मारा, म्हणजे बुरशी आणि धुकं दिसेल. रेंजफाइंडरमध्ये आपण लेन्समधून बघतच नाही, त्यामुळे व्ह्यूफाइंडर लख्ख असूनही लेन्स आतून मोतीबिंदू झाल्यासारखी असू शकते. बॅटरीच्या खोबणीत हिरवट-पांढरी पूड दिसली तर घासाघीस सुरू करा किंवा निघून या. लेन्सचं झाकणही लक्षात ठेवा. उजेड मोजणारा डोळा इथे लेन्सभोवती नसून वर व्ह्यूफाइंडरच्या शेजारी आहे, झाकण लावलेलं असलं तरी कॅमेरा बिनदिक्कत फोटो काढतो. मी आठ काढले. पण ही माझी चूक, कॅमेऱ्याची नाही.

पाचाचे तारे मी आता साडेतीन केले आहेत. दुरुस्तीनंतर दुसरा स्लाइड रोल घातला, धीर करून. ३६ पैकी ३३ उत्तम. बाकी तीन झाकणाच्या. संध्याकाळच्या उजेडात एफ/१.७ वर ही लेन्स जे करते, डोळे धारदार आणि मागचं सगळं लोण्यासारखं, ते पाहून मी पुन्हा चार करणार होतो. मग बिल आठवलं.

आणि एक तक्रार उरलीच आहे. परवा एका छोट्या सभागृहात गाण्याच्या बैठकीला कॅमेरा नेला होता. गायिकेने आलाप संपवून डोळे मिटले, मी फोटो काढला. टिक. कुणी वळूनही पाहिलं नाही. पुढच्या फ्रेमसाठी लिव्हर ओढली आणि त्या शांततेत माझ्या मांडीवरून ‘खट्’ असा आवाज आला की पुढच्या दोन रांगा मागे वळल्या. तेव्हापासून मी लिव्हर अर्ध्यावर ओढून अंगठा तसाच धरून ठेवतो आणि टाळ्यांची वाट बघतो.