करवंटीच्या कोळशाचा फिल्टर: काही महिने वापरल्यावर

नळाच्या पाण्याला येणारा क्लोरीनचा वास जावा, एवढ्यासाठीच हा फिल्टर घेतला. आत नारळाच्या करवंटीपासून केलेला दाणेदार सक्रिय कोळसा (म्हणजे आत बारीक छिद्रं पाडलेला) आहे आणि ते काम तो चोख करतो. क्लोरीन तपासायचे थेंब टाकले की नळाचं पाणी पिवळं होतं, फिल्टरचं होत नाही.

खोक्यावरचं ‘सर्व अशुद्धी दूर’ मात्र वाचून सोडून द्या. क्षार, पाण्याचा जडपणा, नायट्रेट, फ्लोराइड यांवर या कोळशाचा जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. तरी टीडीएस मीटर बुडवून ‘आकडा तोच, फसवलं’ म्हणणाऱ्यांचा रागही पटत नाही. तो मीटर विरघळलेले क्षार दाखवतो. वास देणारी सेंद्रिय द्रव्यं त्याला कळतच नाहीत.

करवंटीच का? ती कठीण असते, राख कमी सोडते. आधी हवा न लागू देता तिचा कोळसा करतात, मग ८०० ते १००० अंश सेल्सिअसच्या आसपास वाफ देतात. त्याने आत २ नॅनोमीटरपेक्षाही लहान छिद्रांचं जाळं पडतं. एका ग्रॅममागे साधारण हजार चौरस मीटर पृष्ठभाग! क्लोरोफॉर्मसारखे लहान रेणू तिथे धरले जातात. रंगांचे थोराड रेणू आत शिरत नाहीत, त्यांना मोठ्या छिद्रांचा लाकडी कोळसा बरा. (१९१८ मध्ये अमेरिकेत विषारी वायूच्या मुखवट्यांसाठी लोकांकडून पीचच्या बिया गोळा केल्या होत्या, त्या अशाच कोळशासाठी.)

क्लोरीनची गोष्ट वेगळी. तो छिद्रात अडकून बसत नाही, कोळशाशी अभिक्रिया होऊन त्याचं क्लोराइड होतं. म्हणून सेंद्रिय द्रव्यं धरायची ताकद संपल्यावरही क्लोरीन जातच राहतो. ‘वास येत नाही, म्हणजे फिल्टर चालू आहे’ हा हिशेब इथेच फसतो. कार्ट्रिज किती लिटरला बदलायची ते माहितीपत्रकात दिलंय, मी तेच पाळते.

वापरातल्या बारीकसारीक गोष्टी: सुरुवातीला काळं पाणी येतं, ती कोळशाची भुकटी, स्वच्छ येईपर्यंत वाहू द्यायचं. तोटी पूर्ण सोडली की पाणी कोळशात थांबतच नाही आणि वास परत जाणवतो, म्हणून धार बारीक ठेवते. गढूळ पाणी थेट सोडलं तर दाणे गाळाने माखतात, आधी गाळाचा फिल्टर हवाच. शिवाय क्लोरीन निघून गेल्यावर कोळशात जंतूंना रान मोकळं. घर काही दिवस बंद ठेवून परतल्यावरचं पहिलं पाणी शिळकट लागतं, ते मी टाकून देते. मुळात पाणी जंतुमुक्त नसेल तर या फिल्टरवर विसंबू नका.

भाताचा तूस पाण्यात टाकून घरच्या घरी हेच करता येईल का, असं दोघांनी विचारलं. कच्च्या तुसातून रंग आणि सेंद्रिय द्रव्यं उलट पाण्यातच उतरतात. प्रयोगशाळेत तो शिसं, कॅडमियम ओढून घेतो हे खरं, पण तिथे बहुधा आधी त्यावर आम्ल-अल्कलीची प्रक्रिया केलेली असते.

एक तक्रार आहेच. शेतातला टाकाऊ माल वापरल्याची जाहिरात केली, पण कोळसा संपला की त्याच्याबरोबर प्लास्टिकची अख्खी कार्ट्रिज फेकावी लागते. कारखान्यात वापरलेला कोळसा तापवून पुन्हा कामाला लावतात. घरी ती सोय नाही. पुढच्या वेळी नुसता कोळसा बदलता येईल असंच भांडं बघणार आहे.