जुन्या डिस्कांसाठी घेतलेला साधा डीव्हीडी प्लेअर: उन्हाळा-पावसाळा वापरल्यानंतर

एचडीएमआय आणि यूएसबी असलेला, अगदी मूळ सोयींचा डीव्हीडी प्लेअर. काम एकच: घरात साठलेल्या डिस्क बघणं. त्यात लग्नामुंजीच्या रेकॉर्ड केलेल्या डीव्हीडी आहेत, नाटकांच्या व्हीसीडी आहेत, थोडे छापील (म्हणजे कारखान्यात तयार झालेल्या डिस्कवरचे) सिनेमे आणि गाण्यांच्या ऑडिओ सीडी आहेत. कंपनीचं नाव देत नाही, कारण या वर्गातल्या बहुतेक प्लेअरांच्या पोटात दोन-तीन ठरावीक जातींचीच लेन्स-मेकॅनिझम बसवलेली असतात. त्यामुळे तक्रारीही सारख्याच येतात आणि उपायही सारखेच असतात.

आधी चालण्याबद्दल. छापील डीव्हीडी बिनतक्रार चालतात. एचडीएमआयवरून १०८०पी निवडलं की चित्र मोठ्या टीव्हीवरही नीटनेटकं दिसतं, मात्र डिस्कमध्ये मुळात ५७६ ओळीच आहेत (भारतातल्या 'पाल' चित्रपद्धतीत; अमेरिकेतल्या 'एनटीएससी' पद्धतीत ४८०) हे लक्षात ठेवावं. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. ते ४३ इंची पडद्यावर ताणलं की चेहरे पुसट होणारच, त्याला प्लेअर जबाबदार नाही. टीव्हीची शार्पनेस कमी केली तर उलट ते जास्त सुसह्य दिसतं. ऑडिओ सीडीसाठी हा प्लेअर चांगल्या स्पीकरला जोडलात तर निराश करत नाही. खरी कसोटी लागते ती रेकॉर्ड केलेल्या डिस्कवर.

डिस्क अडकली की दुरुस्तीवाल्याकडून पहिलं वाक्य येतं, "लेन्स गेली." पुष्कळदा ती गेलेली नसते. नवीन लेन्सचा खर्च करण्याआधी तीन डिस्क हाताशी घ्या: एक छापील डीव्हीडी, एक घरगुती रेकॉर्ड केलेली डीव्हीडी आणि एक ऑडिओ सीडी किंवा व्हीसीडी. या प्लेअरात दोन लेझर असतात. डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा लाल, सीडी-व्हीसीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा, डोळ्याला जवळजवळ न दिसणारा. डीव्हीडी चालते पण एकही सीडी चालत नाही, तर सीडीचा लेझर कमजोर झालेला असू शकतो आणि तिथे लेन्स युनिट बदलण्याला अर्थ आहे. सीड्या चालतात पण एकही डीव्हीडी चालत नाही, तर आधी लेन्स पुसून बघा. डीव्हीडीच्या दोन रेषांमधलं अंतर ०.७४ मायक्रॉन, सीडीचं १.६, म्हणून धूळ डीव्हीडीला आधी नडते. छापील डीव्हीडी चालते आणि फक्त रेकॉर्ड केलेली अडते, तर दोष बहुधा डिस्कचा आहे. तिन्ही डिस्कवर "नो डिस्क" येत असेल तर दमट हवा, सैल झालेली रिबन (लेन्सला जोडणारी चपटी वायर), स्पिंडल मोटर (डिस्क फिरवणारी) किंवा सप्लाय (आतला वीजपुरवठ्याचा भाग) यांच्यावर संशय घ्यावा.

अडकण्याची जागाही बरंच सांगते. दर वेळी त्याच प्रसंगाला चित्र चौकोनाचौकोनांनी फुटत असेल तर तिथे ओरखडा किंवा डाग आहे. दर वेळी वेगळ्या जागी अडत असेल तर यंत्राकडे बघा. सुरुवात चांगली आणि शेवटची वीस-पंचवीस मिनिटं खराब, असं प्रत्येक डिस्कला होत असेल तर ज्या दांड्यांवर लेन्स सरकते तिथलं ग्रीस सुकलेलं असतं. डिस्क आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळे लेन्स कडेकडे जाताना अडखळते. एकाच डिस्कला होत असेल तर ती डिस्क वाकलेली आहे. सिनेमाच्या साधारण मध्यावर क्षणभर चित्र थबकून पुढे चालू लागलं तर काळजी नको: ८.५ जीबीच्या दुपदरी डिस्कवर लेझर एका थरावरून दुसऱ्यावर जातो. थबकून तिथेच बसला, तरच ती तक्रार.

लग्नाच्या डिस्कची एक खास अडचण आहे, आणि तिच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. स्टुडिओवाले वरच्या बाजूला वर-वधूचा फोटो असलेलं कागदी स्टिकर चिकटवून द्यायचे. काही वर्षांनी दमट हवेत तो कागद एका बाजूने फुगतो, कडा सुटते, डिस्क असमतोल होते आणि फिरताना घरघरते. प्लेअर वेग धरायला जातो, जमत नाही, पुन्हा सुरुवातीपासून प्रयत्न करतो. डिस्क सपाट काचेवर ठेवून कडेला डोळा लावला की फुगवटा लगेच दिसतो. हे स्टिकर ओढून काढू नका. सीडी-आर (रेकॉर्ड करता येणारी सीडी) असेल तर परावर्तक थर लेबलच्या अगदी खाली असतो, तो कागदाबरोबर सुटून येतो आणि चित्रीकरण कायमचं जातं. डीव्हीडीत तो थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मध्ये सुरक्षित असतो, तरी ओढताना चकत्या उसवण्याची भीती आहे. सुटलेली कडा टोकदार कात्रीने अलगद कापा, डिस्क कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्ये घाला आणि चालतेय तोवर कॉपी करून घ्या.

सीडी उजेडासमोर धरून बघण्याची सवय लावावी. लेबलच्या बाजूने सुईच्या टोकाएवढा उजेड आरपार आला तर तिथला थर गेला, पुसून काही होणार नाही. खालच्या बाजूचे बारीक ओरखडे मात्र बहुतेक वेळा चालून जातात. त्यातही मध्यापासून कडेकडे जाणारा ओरखडा कमी त्रास देतो, गोलाकार ओरखडा सलग माहिती खातो. म्हणून पुसतानाही मऊ सुती किंवा मायक्रोफायबर कापड मध्यातून सरळ बाहेर न्यायचं, गोल फिरवायचं नाही. बोटांचे तेलकट ठसे असतील तर कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब पुरतो. थिनर, पेट्रोल, ॲसिटोन अजिबात नको, प्लास्टिक पांढरं पडतं.

"फॉरमॅट एरर" किंवा "अननोन डिस्क" दिसतं आणि डिस्क तर स्वच्छ आहे, अशा वेळी ती फायनलाइझ केलेली (रेकॉर्डिंगनंतर इतर प्लेअरांना वाचता यावी म्हणून बंद केलेली) नसण्याची शक्यता मोठी. जुन्या डीव्हीडी रेकॉर्डरवर किंवा ८ सेंटिमीटरच्या छोट्या डिस्कवाल्या कॅमेऱ्यावर उतरवलेल्या चित्रणात हे नेहमी होतं. ज्या यंत्रावर लिहिली त्याच यंत्राच्या मेनूतून फायनलाइझ केली की बाकी प्लेअरांत चालू लागते.

पावसाळ्याबद्दल सविस्तर लिहायला हवं. कोकण, गोवा, मुंबई इकडच्या जून ते सप्टेंबरच्या हवेत बंद पडून राहिलेला प्लेअर लेन्सवर ओल धरतो. डिस्क फिरते, थांबते, "नो डिस्क". अशा वेळी डिस्क काढून प्लेअर नुसता चालू ठेवा, तास-दोन तासांत आतल्या उबेने लेन्स कोरडी होते. रिकामा प्लेअर आपोआप बंद होत असेल तर ती सोय सेटअपमधून तेवढ्यापुरती काढा. आठवड्यातून एकदा एखादी डिस्क लावली तर बुरशीची वेळ येत नाही. डिस्कच्या कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. एसीच्या थेट झोताखाली प्लेअर नको, तिथे तो गार पडतो आणि बाहेरची दमट हवा आत आली की पाणी धरतंच. आणि वळवाच्या दिवसांत ढग गडगडायला लागले की प्लगबरोबर एचडीएमआय केबलही काढा, कारण डिश किंवा केबलच्या तारेतून आलेला झटका टीव्हीमार्गे प्लेअरच्या एचडीएमआय चिपपर्यंत पोहोचतो.

लेन्स पुसायचीच झाली तर असं. वॉरंटी संपली आहे ना, ते आधी बघा. प्लग काढून किमान दहा मिनिटं थांबा. सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरवर २३० व्होल्टच्या घरगुती विजेतून सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठतो, त्या भागाला बोट लावायचं नाही. झाकणाचे बाजूचे आणि मागचे स्क्रू काढा. नवा, कोरडा कापसाचा बोळा निदान ९० टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओला करा. थेंब गळता कामा नये. लेन्स केसासारख्या बारीक तारांवर तरंगत असते, म्हणून बोळ्याचं फक्त वजन पडू द्यायचं, दाब नाही. दोन-तीन हलके फेरे, मग कोरड्या बोळ्याने एक. सोडल्यावर लेन्स आपणहून मूळ जागी उसळायला हवी. डिस्क न घालता चालू केल्यावर ती दोन-तीनदा वरखाली होते आणि तिरक्या कोनातून लाल ठिपका दिसतो. लेन्समध्ये सरळ डोकावायचं नाही, आणि झाकण उघडं ठेवून वीज लावण्याचा हा भाग वीजकामाची सवय असलेल्यांनीच करावा. दांड्यांवरचं जुनं काळपट ग्रीस पुसून प्लास्टिकला चालणारं पांढरं ग्रीस तांदळाच्या दाण्याएवढं लावा. शिवणयंत्राचं किंवा खोबरेल तेल लावलं तर ते पसरून लेन्सवर येतं. ब्रशवाल्या क्लीनर डिस्कबद्दल माझं मत चांगलं नाही: सुकी धूळ झटकली जाते, पण तेलकट थर तसाच राहतो आणि राठ ब्रशने लेन्स हलते.

लेन्स युनिट खरंच बदलावं लागलं, तर जुन्यावर छापलेला नंबर वाचूनच नवं आणा. एसएफ-एचडी ६२, एसएफ-एचडी ६५, केएचएम-३१३ असे नंबर या प्लेअरांत वारंवार दिसतात. दिसायला सारखी असली तरी एकाच्या जागी दुसरं बसवू नका. नव्या युनिटवर स्थिर विजेपासून बचावासाठी डाखाचा एक छोटा टिपका दिलेला असतो. रिबन जोडल्यावर तो काढावा लागतो, नाहीतर नवं युनिटही मेल्यासारखंच वागतं. "नवीन टाकली तरी चालत नाही" या तक्रारीमागे हे कारण बरेचदा सापडतं.

ट्रे उघडत नाही, मोटर मात्र घूं घूं करते: बेल्ट सैल झाला. बेल्ट आणि पुली अल्कोहोलने पुसल्यावर काही दिवस निघतात, गरम पाण्यात बुडवून काढलेला बेल्टही थोडा आवळतो, पण नवा घालणं हाच उपाय. जुना ताणलेला असतो, म्हणून मापाला त्याहून किंचित लहान घ्या. ट्रे उघडून लगेच स्वतःच मिटत असेल तर बेल्ट सोडून ट्रेची जागा ओळखणारा छोटा स्विच साफ करा.

चित्र आणि आवाजाच्या तक्रारी बहुतेक सेटिंगच्याच. एचडीएमआयवर काहीच दिसत नसेल तर टीव्हीचा इनपुट, मग केबल, मग रिझोल्यूशन, या क्रमाने बघा. प्लेअर टीव्हीला न झेपणाऱ्या रिझोल्यूशनवर अडकला असेल तर पिवळी-पांढरी-लाल वायर लावून सेटअपमध्ये शिरता येतं. त्याच वायरीवर चित्र कृष्णधवल दिसलं तर पिवळी पिन चुकून हिरव्या सॉकेटमध्ये गेली आहे किंवा पाल-एनटीएससी जुळत नाही. टीव्ही सिस्टिम "ऑटो" किंवा "मल्टी" ठेवली की दुसरं कारण मिटतं. चित्र आहे, आवाज नाही: डिजिटल आउटपुट "बिटस्ट्रीम"वरून "पीसीएम"वर आणा. डीटीएस (सिनेमांच्या डिस्कवरचा एक डिजिटल आवाजाचा प्रकार) आवाज बरेच टीव्ही उलगडू शकत नाहीत. संवाद दबलेले आणि संगीत कानठळ्या बसवणारं असेल तर ५.१ बंद करून स्टिरिओ निवडा. व्हीसीडीवर एका स्पीकरातून फक्त संगीत आणि दुसऱ्यातून गाणाऱ्याचा आवाज आला तर ती कराओके डिस्क आहे, रिमोटवरच्या ऑडिओ बटणाने डावा-उजवा निवडता येतो.

अमेरिकेतल्या नातेवाइकांना डिस्क पाठवणाऱ्यांसाठी: भारताचा डीव्हीडी रीजन (कुठल्या देशातल्या प्लेअरवर डिस्क चालेल ते ठरवणारा क्रमांक) ५, अमेरिकेचा १. घरी रेकॉर्ड केलेल्या डिस्कवर रीजनचं बंधन नसतं, पण आपल्याकडचं चित्रण पाल असतं आणि तिथले अनेक प्लेअर फक्त एनटीएससी घेतात. अशांना डिस्कपेक्षा फाइल पाठवलेली बरी.

यूएसबीची बाजू कमकुवत. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला हवा, म्हणजे एक फाइल ४ जीबीच्या आतली. एमपी३, जेपीजी, जुन्या पद्धतीच्या एव्हीआय चालतात. मोबाइलवर काढलेले एमपी४ व्हिडिओ चालतील ही अपेक्षा ठेवू नका, त्यांचं एच.२६४ (व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत) या प्लेअरांतल्या बहुतेक चिपांना कळत नाही. बिनअडॅप्टरची हार्ड डिस्क लावली तर ५०० मिलिअँपिअर पुरत नाही आणि प्लेअर पुन्हा पुन्हा सुरू होतो.

डिस्क फिरायला लागताच दिवा मिणमिणून प्लेअर बंद पडत असेल तर सप्लायच्या ५ व्होल्ट बाजूचा कपॅसिटर बघा. माथा फुगलेला असेल तर त्याच मायक्रोफॅरडचा, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा घाला. फ्यूज उडाला असेल तर नवा घालण्याआधी आत टॉर्च मारा: उबेला आलेली पाल किंवा मुंग्या सप्लायवर मरून शॉर्ट झालेला असतो.

नवा प्लेअर घ्यायला जाताना आपल्या घरची सर्वांत कुरकुरी रेकॉर्ड केलेली डिस्क आणि एक व्हीसीडी बरोबर न्या आणि दुकानातच लावून बघा, पहिली पाच मिनिटं आणि शेवटची पाच मिनिटं. पिवळी-पांढरी-लाल सॉकेट मागे असलेलाच घ्या. पहिल्या आठवड्यात लग्नाच्या सगळ्या डिस्क कॉम्प्युटरवर उतरवा: डीव्हीडीचं अख्खं व्हिडिओ_टीएस फोल्डर, व्हीसीडीच्या एमपीईजीएव्ही फोल्डरमधली डॅट फाइल. दोन्ही व्हीएलसी या कॉम्प्युटरवरच्या व्हिडिओ प्लेअरमध्ये थेट चालतात. एका ड्राइव्हवर वाचली न गेलेली डिस्क दुसऱ्यावर निघते, म्हणून एका नकारावर टाकून देऊ नका.